चपलेचा वायसर

गच्चीवर आपल्या कुंड्यांमध्ये एक परका माणूस पालथा पडून फरशीला कान लावतोय, हे पाहून धाकटी झारी हातात घेऊन दारातच थबकली. त्यातून त्याने तिचा मोगरा सावलीतून उचलून उन्हात ठेवला होता. तिचं डोकं आधीच तापलेलं, त्यात हे.

“कुंडीला हात कुणाला विचारून लावलात?”

त्याने मान वर केली. गालाला धूळ चिकटलेली. “कुंडीलाच विचारलं,” तो म्हणाला. “ती काही बोलली नाही.”

तो गळती शोधणारा होता आणि त्याला दादाने बोलावलं होतं. गेल्या पावसाळ्यापासून दादाच्या खोलीचं छत ठिबकत होतं. दादाचा नवाकोरा कोट भिजला, त्याच दिवशी घरात निकाल लागला: धाकटीच्या एकतीस कुंड्यांनी गच्ची वाया घालवली. पुरावा? काही नाही! कुंड्या एका टोकाला, दादाची खोली दुसऱ्या टोकाला, तरी गुन्हेगार कुंड्याच. दिवसभर शिलाई मशीनवर मान मोडून काम करणाऱ्या मुलीने संध्याकाळी रोपांना पाणी घातलं, तर म्हणे घर बुडतं. आई “असेल बाई तसंच” म्हणाली. बाबांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. आता येत्या रविवारी नर्सरीवाला टेम्पो घेऊन येणार होता आणि तिने रोप रोप करून वाढवलेलं सगळं उचलून नेणार होता.

हा माणूस दादाच्या म्हणण्यावर शिक्कामोर्तब करायलाच आलाय, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं. तो उठून बसला आणि शांतपणे म्हणाला की पाहिल्याशिवाय तो काहीच म्हणत नसतो. पाणी एकीकडे शिरतं, फरशीखालून चालत जातं आणि भलतीकडेच ठिबकतं. म्हणून गच्चीचे तीन भाग करायचे. रोज एका भागाला ओल्या वाळूचा बांध घालून दिवसभर पाणी साठवायचं आणि खाली कुणीतरी छताकडे बघत बसायचं.

“पहिला भाग कुठला?” तिने विचारलं.

“कुंड्यांचा. ज्याच्यावर आळ, त्याची सुटका आधी.”

तिला हसू आलं… आणि हसू आल्याचा रागही आला.

गुरुवारी आई दादाच्या खोलीत खुर्ची टाकून छताकडे बघत बसली. तासातासाला तिचा आवाज यायचा – “कोरडं!” वर तो एकेक कुंडी उचलून सावलीत नेत होता आणि प्रत्येक रोपाचं नाव विचारत होता. धाकटी कॉलरींचं हातशिलाईचं काम वर घेऊन बसली. लक्ष ठेवायला, असं तिने घरात सांगितलं. संध्याकाळपर्यंत छतावर थेंब नाही. दादा मात्र म्हणाला, एका दिवसाने काय कळतंय? वर्षभर एका दिवसाचाही पुरावा नसताना बोललास ना, असं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं.

शुक्रवारी मधला भाग, तोही कोरडाच निघाला. दुपारी पावसाचे चार थेंब पडले, तशी दोघं पाण्याच्या टाकीखाली आडोशाला उभी राहिली. आडोसा एवढासा. त्याच्या शर्टाचं वरचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं आणि ते तिला बघवेना. तिने ओढणीला टोचलेली सुई काढली.

“हलू नका. सुई आहे.”

“नाही हलत… सुई नसती तरी नसतो हललो.”

दोरा तोडायला तिला दात जवळ न्यावे लागले. त्याने श्वास रोखला होता, हे तिला कळलं. आपणही रोखलाय, हे तिला जरा उशिराच कळलं. जिन्यातून डोकावणाऱ्या वहिनीने सगळं पाहिलं आणि गळतीचं माहीत नाही, पण इथे काहीतरी पाणी मुरतंय, असं स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं.

शनिवारी तिसरा भाग, सोलरच्या स्टँडखालचा. पाणी भरून अर्धा तास झाला नाही तोच खालून आई ओरडली – “ठिबकलं!”

धाकटी आनंदाने वळली. तो स्टँडच्या पायाजवळ उकिडवा बसला होता. बोल्ट काढलेला, आणि तळहातावर कुजलेल्या निळ्या रबराची एक चकती. त्याचा चेहरा उतरला होता.

“सगळ्यांना एकत्र बोलवा,” तो म्हणाला. “मला सांगायचंय.”

दादाच्या खोलीत सगळे जमले. त्याने ती चकती टेबलावर ठेवली. “तीन वर्षांपूर्वी मी सोलर बसवायचं काम करायचो. दिवसाला चार गच्च्या, घरं लक्षात राहायची नाहीत. हा वायसर मात्र राहिला. त्या दिवशी वायसर संपले होते. दुकानात परत जायचा कंटाळा केला आणि पायातली चप्पल कापून त्यातला गोल बसवला. तो कुजला आणि तिथून पाणी शिरलं. कुंड्यांचा काही संबंध नाही. चूक माझी आहे.” मग तो धाकटीकडे वळला. “वर्षभर तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं. माफ करा.”

धाकटीची कानशिलं तापली. म्हणजे वर्षभराची बोलणी या माणसाच्या कंटाळ्यापायी! तेवढ्यात दादाने त्याच्यावर तोंड सोडलं – तोच आवाज, तेच हातवारे, जे ती वर्षभर सोसत आली होती. आणि तिचा राग जागच्या जागी फिरला.

“थांब दादा,” ती म्हणाली. “चकती खिशात घातली असती तर तुला जन्मात कळलं नसतं. तो आपणहून सांगतोय. वर्षभर तू मला चोर ठरवलंस, तू माफी मागितलीस? या घरात माझी माफी मागणारा हा पहिला माणूस आहे.”

बाबांनी पेपर खाली ठेवला. दादा मान खाजवत म्हणाला, बरं, राहू देत कुंड्या.

“त्या राहणारच आहेत. आधी चुकलो म्हण.”

दादा हळूच “चुकलो” म्हणाला. नर्सरीवाल्याला नको म्हणून कळवायला बाबा स्वतः उठले.

संध्याकाळी नवा वायसर बसवून त्याने हत्यारं पिशवीत भरली. धाकटी समोर उभी राहिली. तो तिला आवडला होता, खूप आवडला होता, आणि म्हणूनच ती जास्त चिडली होती.

“माझा राग गेलेला नाही,” ती म्हणाली.

“दिसतंय.”

“दरवर्षी पावसाआधी येऊन हा बोल्ट बघायचा. जन्मभर.”

“येईन.” त्याने पिशवीचा बंद आवळला. “आणि… बाकीचे दिवस?”

तिने त्याच्याकडे न बघता झारी त्याच्या हातात दिली. “बाकीचे दिवस संध्याकाळी पाणी घालायला यायचं. एकतीस कुंड्या आहेत, मला एकटीला नाही जमत.”

इतकी वर्षं एकटीलाच जमत होतं, हे त्याला सांगायची तिला काही गरज वाटली नाही. तो नळाकडे गेला आणि त्याने सगळ्यात आधी मोगऱ्याला पाणी घातलं.