मोठ्या गाडीचा एकच फोटो

"जरा उठता का? ही पेटी दुबईला चाललीय."

अफिफाने लॅपटॉपवरून मान वर केली. समोर एक उंच, सावळा तरुण उभा होता. शर्टाच्या बाह्यांना पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या, चेहरा अगदी गंभीर... डोळे मात्र मुळीच गंभीर नव्हते. गेला अर्धा तास ती ज्या पेटीवर बसून काम करत होती, तिच्याकडेच तो बोट दाखवत होता.

"सॉरी," ती गडबडीने उठली. "मला वाटलं, रिकामी आहे."

"रिकाम्या पेटीला एवढा वास येतो होय?" त्याने पेटी अलगद उचलली. "मी बासित. गाळा अब्बांचा, पण हे मशीन इथं आणायचा हट्ट माझा. म्हणून सध्या सगळ्यांच्या शिव्या मी खातोय. तुम्ही?"

"अफिफा. मशीनचा फोटोंचा प्रोग्रॅम मी लिहिलाय."

"मग निम्म्या शिव्या तुमच्या," तो म्हणाला, आणि पेटी खांद्यावर टाकून निघूनही गेला.

एप्रिलचे दिवस होते. वाशीच्या फळबाजारात हापूसचा हंगाम भरात आला होता. बासितच्या अब्बांच्या, रज्जाकशेठच्या गाळ्यावर महिन्यापूर्वी हे मशीन बसलं होतं. आंबे पट्ट्यावरून सरकत, वरचा कॅमेरा त्यांचे फोटो काढी, आणि रंग, डाग, आकार बघून मशीन एक नंबर, दोन नंबर अशी निवड करी. ते फोटो सांभाळणारी लायब्ररी, म्हणजे कोडचा सगळा संच, अफिफाने सी भाषेत लिहिली होती. दोन वर्षं खपून. तिच्या कंपनीच्या महापेच्या ऑफिसात ही लायब्ररी कधी अडखळली नाही. इथे मात्र आठवड्यात तीनदा मशीन बंद पडलं. त्याहून वाईट म्हणजे काल बंद पडण्याआधी पाच-सात मिनिटं त्याने श्रीवर्धनच्या एका बागायतदाराचा अव्वल माल सरळ दोन नंबरात ढकलला. पट्ट्याच्या टोकाला राहीबाई उभ्या होत्या म्हणून निभावलं. साताऱ्याकडच्या या बाई वीस वर्षं हाताने आंबा निवडत आल्या होत्या.

"पोरी, मला त्यातलं काय बी कळत न्हाय," राहीबाई म्हणाल्या. "पन ल्हान टेंपो आला की गुमान चालतंय. मोठी गाडी लागली की घात करतंय."

"गाडीचा आणि मशीनचा काय संबंध?" अफिफाने परत आलेल्या बासितला विचारलं.

बासितने मान खाजवली. "संबंध... मीच जोडला. दर पेटीचा वेगळा फोटो निघायचा. मी सेटिंग बदलून पूर्ण गाडीचा एकच लांब फोटो करून टाकला. बागायतदाराला आपला सगळा माल एका नजरेत दिसावा म्हणून."

अफिफाने कोड उघडला आणि दहा मिनिटांत तिचे कान गरम झाले.

फोटो काढण्याआधी कॉम्प्युटरकडे तेवढी मेमरी मागून घ्यावी लागते. किती, तर रुंदी गुणिले लांबी, गुणिले रंगांचे तीन भाग. मोठ्या गाडीचा हा गुणाकार इतका प्रचंड झाला की ठरवून दिलेल्या जागेत तो आकडाच मावेना. वरचे अंक गळून गेले आणि उरला एक किरकोळ आकडा. लायब्ररीने तेवढीच मेमरी मागितली, कॉम्प्युटरने बिनबोभाट दिली, आणि मग चारशे पेट्यांचा फोटो त्या चिमुकल्या जागेत शिरू लागला. मावला नाही, तो शेजारी सांडला. शेजारी निवडीचे नियम ठेवलेले होते. आधी ते बिघडले, मग मशीन बंद.

"गुणाकार करण्याआधी तो मावेल का, हे तपासायचं असतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी तपासलंच नाही."

"एवढा लांब फोटो कुणी काढेल असं कुणाला वाटणार?"

"तुम्ही काढलात ना?"

"मला जरा जास्तच बघायची सवय आहे," तो म्हणाला. आणि त्या वेळी तो फोटोकडे बघत नव्हता.

अफिफा स्क्रीनवरची एक ओळ फार वेळ वाचत राहिली. ओळ तशी लहानच होती...

दुपारी तिच्या साहेबांचा, जयप्रकाश सरांचा फोन आला. सगळं ऐकून ते म्हणाले, "सेटिंग त्यांनी बदललं ना? मग रिपोर्टमध्ये तेच लिही. वापरणाऱ्याची चूक. विषय संपला."

फोन ठेवून तिने गाळ्याकडे पाहिलं. रज्जाकशेठ सगळ्यांसमोर मुलाला झापत होते. "तुझ्या या खेळण्यापायी श्रीवर्धनवाल्यांनी उद्यापासून दुसऱ्याकडे माल लावला तर? मशीन परत पाठव. आणि पुढच्या हंगामाला तू या गाळ्यावर नकोस, द्रोणागिरीच्या गोदामात जाऊन बस." बासित खाली मान घालून उभा होता. तिच्याकडेही बघत नव्हता.

रिपोर्टमध्ये दोन ओळी लिहिल्या की ती मोकळी होती. तिने लॅपटॉप मिटला आणि शेठसमोर जाऊन उभी राहिली.

"चाचा, चूक माझी आहे. यांनी सेटिंग बदललं, पण ते बदलायची सोय मीच दिली होती. मशीनने मोठी गाडी पेलायला हवी होती, नाहीतर सुरुवातीलाच स्पष्ट नाही म्हणायला हवं होतं. ते लिहायचं माझ्याकडून राहिलं."

रज्जाकशेठनी चष्मा काढून पुसला.

"आता लिहिशील?"

"उद्या सकाळपर्यंत. फोटो मावत नसेल तर एकही आंबा पट्ट्यावर पडायच्या आत ते सांगेल. आणि फोटोचे तुकडे करून मोठी गाडीसुद्धा घेईल."

"मग उद्या बघू," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. बासितला मात्र गोदामात पाठवायची भाषा पुन्हा निघाली नाही.

जयप्रकाश सर दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. पण दुसऱ्या सकाळी सर्वांत मोठी गाडी लागली, मशीनने ती निमूट निवडली, आणि राहीबाईंनी पट्ट्याच्या टोकाशी एकेक आंबा हातात फिरवून "बेस हाय" म्हटलं, तेव्हा अफिफाचा जीव भांड्यात पडला.

काम खरं तर तिथेच संपलं होतं. पण चार दिवसांनी बासितचा मेसेज आला—पट्ट्याजवळ कसलातरी आवाज येतोय. ती गेली. आवाज नव्हता, फालुदा होता. पुढच्या आठवड्यात फोटो अंधुक येत होते. ती गेली. फोटो लख्ख होते, आणि बासितने तिच्यासाठी बाजूला ठेवलेला आंबा त्याहून लख्ख.

"हा मशीनने निवडला की तुम्ही?" तिने विचारलं.

"मशीनने एक नंबर दिला. पण मशीन एकाच बाजूने बघतं." त्याने आंबा तिच्या तळहातावर ठेवला. बोटं उगाचच जरा रेंगाळली... "मी सगळीकडून बघितला."

"पोरी, मशीन तर कवाच बरं झालं," राहीबाई पलीकडून म्हणाल्या. "आता रोज कुनाला बघाया येतीस?"

अफिफाने आंबा ओढणीत लपवला, आणि हसू लपवायचं राहूनच गेलं.

मे संपत आला. गाळ्यावर शेवटची गाडी उतरली. मशीन ताडपत्रीखाली गेलं. बासित दोन महिन्यांसाठी श्रीवर्धनच्या बागांवर जाणार होता. कुठलाही मेसेज नसताना त्या दिवशी सकाळी अफिफा बाजारात आली. गाळा निम्मा रिकामा, जमिनीवर पेंढा पसरलेला.

"आज काही तक्रार नव्हती," बासित म्हणाला.

"माझी आहे."

"बोला ना."

ती काही बोलायच्या आत तोच पुढे झाला. "आधी माझं ऐका. पट्ट्याचा आवाज खोटा होता. अंधुक फोटोही. मंगळवारचं ते मशीन गरम होतंय, तेही... मशीन एकदम ठणठणीत होतं, अफिफा."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"मशीन दिवसभर काय करतं, ते माझ्या लॅपटॉपवर दिसतं. एकदाही बिघडलेलं नव्हतं." ती पायाने पेंढा सारखा करत होती. "तरी येत होते. प्रत्येक वेळी. आता दोन महिने कुणी खोटी तक्रार करणार नाही, हीच माझी तक्रार आहे. मला... तुझी सवय झालीय, बासित. सवय म्हणजे... सवय नाही. तुला कळतंय."

"तू म्हणालीस," तो म्हणाला.

"काय?"

"मला. आत्ता. 'तुम्ही' नाही, 'तू'." आणि तो असा हसला की पलीकडच्या गाळ्यावरचा हमालही वळून बघू लागला. मग त्याने खिशातून फोन काढला. "अम्मीला आत्ताच सांगतो."

"आत्ता?"

"संध्याकाळपर्यंत ही हिंमत टिकणार नाही. तू आहेस तोवर सांगतो."

फोन लागला. "अम्मी... हां, जेवलो. नाही, म्हणजे नाश्ता... अम्मी, ते... एक आहे... म्हणजे एक सांगायचं..." तो तिथेच अडकला. चारशे पेट्यांचा फोटो मावत नव्हता, तसं त्याचं वाक्य कुठेच मावेना. त्याने केविलवाण्या नजरेने अफिफाकडे पाहिलं.

तिने हात पुढे करून फोन घेतला.

"सलाम आलेकुम, खाला. मी अफिफा बोलतेय."

पलीकडून बासितच्या अम्मीचा, साबिराबींचा आवाज आला, सावकाश, मिश्कील. "मशीनवाली ना? दोन महिने झाले, पोरगा घरी येऊन मशीनचंच कौतुक सांगतोय. लोखंडाचं एवढं कौतुक कोण करतं, मी पण विचारात होते. नेरुळला राहता ना तुम्ही? इतवारी अम्मी घरी असते का तुझी?"

"असते," अफिफा म्हणाली. तिने बासितकडे पाहिलं. तो फोनकडे कान लावून उभा होता. "या तुम्ही, खाला. आम्ही वाट बघतो."