अर्धा लिटर दूध

तिसगावाहून आलेली कडूबाई पिशवी घेऊन दारात उभी होती, आणि भागिरथीबाई तिला आत ये म्हणत नव्हत्या...

"कडू, आता या वयात मला मानसांचा लई कंटाळा येतो बघ," त्या कशाबशा म्हणाल्या. "उद्या डोळा दाखवायचाय ना? मग दवाखान्यातच मुक्काम कर."

कडूबाई आल्या पावली परत फिरली. दार लावून भागिरथीबाई मटकन खाली बसल्या. आपण विषमज्वरानं निपचित पडलो होतो तेव्हा हिनंच तर स्वतःच्या लेकीबरोबर आपल्या तान्ह्या प्रवीणलाही अंगावर पाजलं होतं... तिसगावात त्याला सगळे कडूचाच लेक म्हणायचे.

पण करणार काय? प्रवीण नागापूरला कंपनीत, घर म्हणजे सावेडीतल्या भाड्याच्या दोन खोल्या. पगार हातात आला की सून माधुरी भाडं, लाईटबिल, रॉकेल, किराणा असे वाटे घालायची, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःच्या दुधाचा. तिला सहावा महिना. डॉक्टरांनी रोज अर्धा लिटर सांगितलेलं. आणि इकडे कुणाची कोर्टाची तारीख, कुणाचा दवाखाना, अख्ख्या तिसगावाला नगरात उतरायला हेच एक घर! आल्यागेल्याच्या चहात माधुरीचं दूध संपायचं, आणि ही वेडी पोर हसून म्हणायची, "मला नाहीतरी दुधाचा वास सहन होत नाही." पाहुण्यांना नको म्हणावं, तर बोल लागायचा सुनेलाच. म्हणून गेल्या महिन्यापासून भागिरथीबाईंनी सगळा वाईटपणा स्वतःकडे घेतला होता. गावानं शिंगं फुटली म्हटलं, तेही त्यांनी गिळलं. पण आज कडू गेली, ते मात्र गिळवेना.

तेवढ्यात दार वाजलं. बाजारातून आलेली माधुरी, आणि तिनं हाताला धरून परत आणलेली कडूबाई.

"आत्या, मावशी कोपऱ्यावर रडत बसल्या होत्या. तुम्ही त्यांना नको म्हणालात?" माधुरी म्हणाली. "लोक काय म्हणतील मला?"

"तुला कुनी काही म्हनू नये म्हनूनच गं..." भागिरथीबाईंचा बांध फुटला. "तुझं दूध सगळं चहात जायचं. पोटातल्या लेकराला काय मिळायचं?"

माधुरीला आजवर वाटत होतं, सासूबाईंच्या हे ध्यानातच आलेलं नाही. ती सासूच्या कुशीत शिरली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊ लागली.

कडूबाईनं पिशवी खाली आपटली.

"भागे, एवढंच हुतं तर मला सांगायचं न्हाईस? आमी काय दुधाचा चहा प्यायला येतो व्हय? कोरा दे की."

"चुकलं माझं, कडू."

"चुकलंच. आता हिच्या बाळंतपनाला मी येनार, अन् महिनाभर हलनार न्हाई."

महिनाभर... माधुरीनं सवयीनं मनातल्या मनात किराण्याची बेरीज मांडायला घेतली, तोच डोळ्यांना पदर लावलेल्या भागिरथीबाई म्हणाल्या,

"दोन महिनं ऱ्हा."