आबांच्या नाकाची माया

कापून टाकलेली गाठ परत कशी येते? रेवाला काही केल्या उलगडेना. तीन वर्षांपूर्वी तिच्या आबांच्या नाकाशेजारची, मण्यासारखी चकचकीत गाठ शहरातल्या डॉक्टरांनी काढली होती. आणि आता त्याच व्रणाला लागून पुन्हा तसाच मणी उगवला होता, तोही डोळ्याच्या दिशेने सरकत!

आबा खवळे म्हणजे देवगडच्या धक्क्यावर शिडं शिवणारे कारागीर. मालवाहू जहाजं पुन्हा वाऱ्यावर चालू लागल्यापासून त्यांना उसंत नव्हती. जन्मभर उन्हात बसून शिवलं आणि त्या उन्हानेच हा बेसल पेशींचा कर्करोग (त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी असलेल्या पेशींची बेसुमार वाढ) पदरात टाकला. डोळाच गेला तर सुई कशी ओवायची? तरी म्हातारा हटून बसलेला. "एकदा फसलंय, आता परत कापूक देवचंय नाय!"

रेवाने कसंबसं समजावून त्यांना डॉक्टर फर्झाना मुकादम यांच्याकडे नेलं. तिथे निरख्या नावाचा यंत्रमानव होता. त्याचे डोळे म्हणजे दोन सूक्ष्मदर्शकच.

"डॉक्टर, मागच्या वेळी सगळी गाठ काढली नव्हती का?" रेवाने विचारलं.

"दिसत होती तेवढी काढली. पण ही गाठ कातडीखाली बारीक मुळं पसरवते, म्हणून भोवतालची थोडी चांगली कातडीही काढावी लागते. कडेला चार पेशी जरी उरल्या, तरी त्या हळूहळू वाढतात. त्याला पुनरुद्भव (बरा वाटलेला आजार उलटणं) म्हणतात."

"म्हणजे माया!" रेवा ओरडली. "आबा, कापड बेतताना तुम्ही रेघेबाहेर जास्तीचं सोडून कापता ना, तशी!"

आबांनी मान खाली घातली. "तो शहरातलो डॉक्टर सांगी होतो गो, मोठो तुकडो काढूक होयो म्हणान. मीच हट्ट केलंय. म्हटलंय, थोडोच काप, नायतर गावात नाक कापून फिरू काय?"

माया न सोडता कापणाऱ्याला हेच आबा धक्काभर ऐकू जाईल असं झापायचे. स्वतःच्या नाकाच्या वेळी मात्र शहाणपण गहाण!

"या वेळी अंदाजाने कापायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी जागा बधिर करून गाठ आणि तिच्याखालचा एक पातळ थर काढला. निरख्याने तो गोठवून त्याच्या सगळ्या कडा आणि तळ तपासला.

"डोळ्याकडची कड अजून साफ नाही," तो म्हणाला.

मग फक्त तिथलाच आणखी एक थर. रेवाने आबांचा हात घट्ट धरून ठेवला. निरख्याने तोही गोठवून तपासला.

"आता सगळ्या कडा साफ. डोळा सुरक्षित आहे."

आबांनी डॉक्टरांना हात जोडले. "बाय, तुझे उपकार कसे फेडू?"

"टोपी घालून आणि दर सहा महिन्यांनी इथे येऊन. परत उगवलंच, तर लहान असतानाच सापडेल."

आबा रेवाकडे वळले. "त्या शहरातल्या डॉक्टराक फोन लाव गो. गाठ परत इल्यापासून त्याका शिव्या घातलंय. तो बरोबर होतो, असा आज त्याका माझ्या तोंडान सांगूचा आसा."