खाट सातचं अर्धं वाक्य

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे, नव्हतो. पण जी होती, तिच्याच तोंडून ऐकलंय.

ती प्रोग्रामर. भर दुपारी रुग्णालयात आली ती किरकोळ कामाला: कॉम्प्युटरवरच्या नोंदी अर्ध्यावर तुटतात, बघून द्या. वॉर्डात फिनेलचा वास, पंख्याची कुरकुर आणि रिकामी खाट सात. तिकडे बघायचं तिने टाळलं. महिन्यापूर्वी तिचे बाबा त्याच खाटेवर गेले, ती पोचायच्या आत.

"शेवटी काही बोलले का हो, सिस्टर?"

"बोलले ना. पण रोज इतकी माणसं बोलतात गं, डोक्यात राहत नाही. म्हणून तर शब्द न् शब्द टाइप करते."

टाइप करायच्या, तेही अवतरणचिन्हांत. तिथेच घोळ होता. प्रोग्रामही प्रत्येक नोंद अवतरणचिन्हांतच गुंडाळून डेटाबेसकडे, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या कोठाराकडे, पाठवायचा. मध्ये सिस्टरांचं चिन्ह आलं, की डेटाबेसला वाटायचं, संपला मजकूर. आधीच्या कुणा शहाण्याने तोडगा काढला होता: गाडी अडली, की त्या चिन्हापासून पुढचं सगळं छाटायचं.

तिने खाट सातची नोंद उघडली. तिथे एवढंच: रुग्ण म्हणाले, आणि पुढे कोरं.

"म्हणजे इतके दिवस मी भिंतीशी बोलतेय होय?" सिस्टर म्हणाल्या. मग हळूच, "परत नाही येणार?"

"साठलंच नाही, तर येणार कुठून..."

डोळे पुसून तिने कोड सुधारला. मजकुरातलं प्रत्येक चिन्ह दोनदा लिहून पाठवायचं, मग डेटाबेस त्याला शेवट समजत नाही. प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

पंखा थांबला. फिनेलच्या वासात दाढीच्या साबणाचा वास मिसळला. बाबांचा साबण. आणि स्क्रीनवरच्या कोऱ्या जागेत एक चिन्ह उघडलं; धाप लागलेल्या माणसाच्या चालीने अक्षरं उमटू लागली.

'पोरीला सांगा, धावत येऊ नकोस... जिन्यात पडशील...

तिचे हात मांडीवर होते. सिस्टरांचेही.

"हेच... हेच म्हणाले होते," सिस्टर पुटपुटल्या. "पण एवढंच होतं गं. मी एवढंच टाइप केलेलं..."

अक्षरं थांबली नव्हती.

आलीस? जेवलीस का?...

"हो बाबा, जेवले," ती म्हणाली. धडधडीत खोटं.

खाट सातचा पडदा हलला. सिस्टरांनी तिकडे बघून, कुणी काही सांगितल्यासारखी, मान डोलावली.

नोंदीच्या शेवटचं अवतरणचिन्ह अजून उमटलेलं नाही. तिने ती नोंद बंदही केलेली नाही.

बरं, कबूल करतो. पडद्याचं मी रचलं; त्या वॉर्डात पडदेच नाहीत. मान मात्र सिस्टरांनी डोलावली होती.