बंद गॅरेजमधली टिण्ण

"परत वाजलं," भिंगरी म्हणाली आणि हातातले पत्ते पालथे टाकून उठली.

गॅरेजच्या बंद दारातून 'टिण्ण' असा एकच बारीक, स्वच्छ आवाज आला होता. भर दुपार, मामा कामासाठी बाहेर गेलेला, दाराला बाहेरून कुलूप. आत गाडीशिवाय चिटपाखरू नव्हतं.

मामाचा मुलगा, म्हणजे दादा, वयाने थोरला आणि बढाया मारण्यात त्याहून थोरला. पण आत्ता त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भिंगरीचा धाकटा भाऊ टिल्ल्या मात्र खुशीत होता. भुतं दुपारी झोपत नाहीत का, एवढीच त्याची शंका. भिंगरीलाही खरं नाव होतं बरं का, पण बाईसाहेब एका जागी घडीभर टिकतील तर शपथ, म्हणून सगळ्यांनी तिची भिंगरी करून टाकली होती.

आतली गाडी होती लांब नाकाची, लाल, दोनच माणसं बसतील अशी जुनी स्पोर्ट्स कार. मामीच्या धाकट्या भावाची. तो मित्राच्या गाडीतून शर्यतीला गेला आणि तिथे अपघातात वारला. तेव्हापासून ही गाडी ताडपत्रीखाली पडून होती. जुन्या गाड्या नव्यासारख्या करणं हा तर मामाचा धंदाच. यंदा त्याने ती उघडली, सगळी सुटी केली आणि गंजलेले बंपर, दिव्यांच्या कडा, दाराच्या मुठी कोपऱ्यावरच्या मुलामावाल्याकडे क्रोम चढवायला दिल्या. मामा एकदा सुटला की सुटलाच! पुढची चाकं आतून धरून ठेवणारे जाडजूड बोल्टसुद्धा, जे कुणाला कधी दिसणार नाहीत, तेही त्याने मुलाम्याला टाकले. "त्याला आवडलं असतं," म्हणाला.

सगळं चकाकत परत आलं, मामाने गाडी जोडली आणि तेव्हापासून गॅरेजमध्ये जायला नको वाटू लागलं. बंपरमध्ये आपला चेहरा लांबच लांब ताणलेला दिसायचा आणि पाठीमागे आणखी कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. वळून पाहावं तर कुणी नाही. त्यात हा आवाज सुरू झाला.

मामी या गॅरेजची पायरी कधी चढत नसे. पण काल आवाज ऐकला आणि ती ओल्या हातांनी तशीच येऊन दाराला कान लावून उभी राहिली. तिने भिंगरीला सांगितलं, की तो फिरायला निघाला की बोटातली अंगठी बंपरवर वाजवायचा. ताई, चल, असा त्याचा अर्थ. "अगदी असंच वाजायचं गं," मामी म्हणाली आणि हसली. इतकी हसलेली मामी भिंगरीने कधी पाहिली नव्हती. लगेच तिने मामाला सांगून टाकलं, की उद्या संध्याकाळी मी गाडीत बसते, उतारावरून थेट खाली तळ्यापर्यंत जाऊ. मामा आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिला. भिंगरीला मात्र ते पटेना. माणूस मेल्यावर कशाला बोलावेल? आणि बोलावलंच, तर कुठे?

आणि ती संध्याकाळ आजचीच होती. "आत जायचं," भिंगरीने फर्मावलं आणि खुंटीवरची किल्ली काढली.

दादाने अक्कल चालवली. भूत असेल तर पावलं उमटतील, म्हणून त्याने टाल्कम पावडरचा डबा आणला. मामी नंतर ओरडेल ते ओरडेल, तिघांनी गाडीभोवती फरशीवर पावडर भुरभुरली आणि टायरांच्या ढिगामागे दडून बसले. रंगाचा आणि तेलाचा वास येत होता. झरोक्यातल्या उजेडात बंपर लुकलुकत होता. टिल्ल्याने भिंगरीचा हात घट्ट धरला, आणि खरं सांगायचं तर तिलाही तो हवाच होता.

टिण्ण.

कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. पण पावडरमध्ये पुढच्या चाकापासून कपाटापर्यंत एक वाकडी, ठिपक्याठिपक्यांची रेघ उमटली. दादाने डोळेच मिटून घेतले. भिंगरी मात्र रेघेमागे रांगत गेली आणि तिने कपाटाखाली हात घातला. हाताला लागला एक थंडगार, चकचकीत, सहा कोपऱ्यांचा तुकडा.

"ही होय?" टिल्ल्या म्हणाला. "चांदीची बटणं. माझ्याकडे आणखी आहेत ना." आणि त्याने खिशातून तसलेच तुकडे काढून दाखवले. पठ्ठ्या रोज केर काढायच्या आधी येऊन वेचत होता, आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती!

दादाने तुकडा पाहिला मात्र, त्याची भीती कुठल्या कुठे गेली. हे बोल्टचं डोकं होतं. मोडलेली बाजू साखरेच्या खड्यासारखी खरखरीत होती. तो टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटला आणि बाहेर आला तो घाम पुसतच. पुढचं चाक धरून ठेवणारे बोल्ट एकेक करून मुंडकं गमावत होते. गाडी उतारावर गेली, की चाक निखळणार.

तिघं धूम ठोकत मुलामावाल्याकडे पोचली. तिथे टाक्यांमध्ये हिरवं पाणी वाफाळत होतं आणि तारांना मुठी टांगलेल्या होत्या. मुलामावाल्याने तुकडे हातात घेतले आणि तो मटकन स्टुलावर बसला. त्याने समजावून सांगितलं, की मुलाम्याआधी लोखंड तेजाबात धुतात, तेव्हा त्यात वायू शिरतो. बंपरला त्याचं काही नाही. पण असल्या कडक पोलादाचे बोल्ट टाकीतून निघाले की लगेच भट्टीत घालून तासन् तास भाजावे लागतात. नाही भाजले तर पोलाद ठिसूळ होतं. आवळून ठेवलं की दिवस-दोन दिवस गप्प बसतं आणि मग कुणी हात न लावता आपोआप तुटतं.

"मग भाजले का नाहीत?" भिंगरीने विचारलं.

"तुझा मामा थांबला कुठे? बंपरबरोबर तेही उचलून चालता झाला." मग त्याने मान खाली घातली. "आणि मीही नेऊ दिले."

तेवढ्यात रस्त्याच्या वरच्या टोकाला इंजिन गुरगुरलं.

भिंगरी जीव खाऊन पळाली. मामा काम आटपून लवकर परतला होता. लाल गाडी गॅरेजबाहेर आली होती, स्टिअरिंगवर मामा, शेजारी मामी, डोक्याला रुमाल बांधलेली. भिंगरी बंपरसमोर हात पसरून उभी राहिली. बंपरमध्ये तिचाच चेहरा लांबच लांब ताणला गेला होता.

मामा खेकसला, की हा काय पोरखेळ लावलाय. नवे कोरे बोल्ट कधी तुटतात का? दादाने जादा उरलेला एक मुलाम्याचा बोल्ट आणून टेबलावरच्या पकडीत आवळला आणि हातोडी वडलांच्या हातात दिली. मामाने कंटाळून एक टोला दिला. बोल्ट खडूसारखा मोडला. मामाने एकदा बोल्टकडे पाहिलं, एकदा मामीकडे, आणि तो पांढराफटक पडला.

मामी मात्र गाडीतून हलली नव्हती. "मला जाऊ दे, भिंगरे. त्याने बोलावलंय."

पुढचं बोलणं भिंगरीला सगळ्यात जड गेलं. "मामी, तो नव्हता गं. बोल्ट तुटून फरशीवर पडत होते."

मामी उतरली. "तुला काय गरज होती गं?" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

मामा आणि मुलांमागून आलेला मुलामावाला आधी एकमेकांवर तुटून पडले, मग दोघांनीही कान पकडले. सगळे बोल्ट काढून मामाने साधे काळे नवे बसवले आणि प्रत्येक बोल्ट मुलांकडून तपासून घेतला. ही पोरं नसती तर आज मी कुणाला तोंड दाखवलं असतं, असं तो येईल त्याला सांगत सुटला. दादाची छाती फुगली. टिल्ल्याला त्याची चांदीची बटणं कायमची बहाल झाली.

भिंगरी मात्र दुसऱ्या दिवशी पत्ते खेळायलाही आली नाही. गॅरेज आता चिडीचूप होतं. मामीच्या भावाला आपणच दुसऱ्यांदा मारलं असं तिला राहून राहून वाटत होतं. ती पायरीवर बसून राहिली आणि तिच्या मनात आलं, एकदा तरी वाजावं.

वाजलं नाही. पण मामी आली. डोक्याला रुमाल होता, डोळे सुजलेले होते. तिने मामाकडून किल्ली मागून घेतली आणि भिंगरीला शेजारी बसायला सांगितलं.

गाडी रस्त्याला लागली. मामी म्हणाली, "तो शर्यतीला निघाला ना, तेव्हा मी दारातच होते. मित्राच्या गाडीचे ब्रेक धड नाहीत, हे त्यानेच हसत हसत सांगितलं होतं. मी नुसता हात हलवला गं. तुझ्यासारखी आडवी उभी नाही राहिले." तिने नाक ओढलं. "फार मोठं काम केलंस, पोरी. काल रागावले ते मनातून काढून टाक."

भिंगरी मामीच्या दंडाला बिलगून बसली. पुढे उतार सुरू झाला तेव्हा मामीने ब्रेक दाबून पाहिला, मान हलवली आणि गाडी हळूहळू खाली घेतली.