टेपचं दुसरं टोक

मोजणीबाईचा तो दिवस सकाळपासूनच वाकडा चालला होता. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेलेल्या, नवरा दुपारपाळीला, आणि ज्या शेजारणीच्या भरवशावर ती पोरीला ठेवून कामावर जायची, तिच्या घरात नेमक्या कांजिण्या आलेल्या. त्यात साखळीमामांचा निरोप आला, कंबर धरली आहे, आज जमायचं नाही. साखळीमामा म्हणजे तिच्या कामातले जोडीदार. साखळीने मोजायचे दिवस कधीच मागे पडले, आता कापडी टेप आली, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

ती पालिकेत दुय्यम मोजणीदार होती. दुय्यम म्हणजे साहेबांनी पंख्याखाली सही करायची आणि हिने उन्हातान्हात फिरायचं, एवढाच काय तो फरक.

"बाई, त्या गल्लीतलं एकच घर राहिलंय," साहेब फोनवर म्हणाले. "उद्या सकाळी पाडायला मशीन येणार. तेवढं मोजून टाका आणि सुटा."

"साहेब, मामा नाहीत. टेपचं टोक कोण धरणार?"

"अहो, भिंतीत खिळा मारा. खिळा काही रजेवर जात नाही."

मग काय करणार? तिने टेपची डबी, कागद आणि बिस्किटांचा पुडा पिशवीत टाकला आणि मुंगीला बरोबर घेतलं. मुंगी पाच वर्षांची. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून मुंगी, आणि एका जागी ठरत नाही म्हणूनही मुंगीच. या पोरीपायी आईचा जीव सदा टांगणीला. झोपेत मुंगी जरा जास्त वेळ हलली नाही, तर ही उठून तिच्या नाकापुढे बोट धरून बघायची. रस्त्याने जाताना हात असा घट्ट धरायची की पोरीची बोटं पांढरी पडायची.

"आई, दुखतंय."

"दुखू दे. हात सोडायचा नाही."

गल्ली रस्तारुंदीत गेली होती. माणसं उठून गेली, जाताना दारं-चौकटीही काढून नेल्या. उघड्या घरांच्या भिंतींवर लाल रंगाच्या फुल्या होत्या, त्यातल्या निम्म्या मोजणीबाईनेच मारलेल्या. एवढ्या मोठ्या गल्लीत एकाच पत्र्याखाली जाग होती. इस्त्रीवाल्याने अजून गल्ली सोडली नव्हती. दार शाबूत असलेलं ते शेवटचं घर, त्याची किल्ली त्याच्याकडेच ठेवलेली होती.

त्याने किल्ली दिली, पण लगेच हातातून सोडली नाही. "ताई, पोरीला इथं बसवा माझ्यापाशी. आत अंधार आहे. लाइट तुमच्याच लोकांनी तोडली."

मोजणीबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. पिकल्या केसांचा, हातांवर जुने चटके असलेला साधा माणूस दिसत होता. पण साधा दिसणारा साधाच असतो असं कोणी लिहून दिलंय? एकेक बातम्या वाचल्या की झोप उडते.

"नको काका. ती माझ्याशिवाय राहत नाही."

ही चक्क थाप होती. मुंगी एव्हाना कपड्यांच्या गाठोड्यावर चढून बसली होती आणि इस्त्रीच्या पोटात काय असतं ते विचारत होती.

इस्त्रीवाल्याने किल्ली सोडली. मग म्हणाला, "बरं. लवकर आटपा मग."

घर म्हणजे एकामागे एक अशा तीन खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. दारंही एका रेषेत. पुढच्या दारात उभं राहिलं की नजर सरळ मागच्या भिंतीपर्यंत जावी, पण खिडक्यांना फळ्या मारलेल्या असल्यामुळे ती मधल्या खोलीतच अडकायची. आत शिरताच बंद घराचा वास अंगावर आला. ओल्या कापडाचा, जुन्या औषधाचा आणि केसांच्या तेलाचा. कुठेतरी नळ टपकत होता. पाणी तोडून महिना होऊन गेला तरी नळ टपकतो कसा, असं तिच्या मनात आलं, पण ती इतकी दमली होती की तो विचार तिने तिथेच टाकून दिला.

बाजूच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीवर ओळीने लोखंडी आकडे ठोकलेले होते. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. इतक्या खाली कपडे कोण वाळत घालतं, तिला कळेना.

तिने खिळा मारून पाहिला. गिलावा ढेकळासारखा हातात आला. दुसरीकडे मारला, तिथेही तेच.

"मी धरते," मुंगी म्हणाली.

"तुला नाही जमायचं."

"मामा तर नुसते उभे राहतात. मला उभं राहता येतं."

मोजणीबाईला त्याही स्थितीत हसू आलं. मग तिने मुंगीला शिकवलं. टेपच्या टोकाला कडी असते, ती भिंतीला टेकवायची. अंगठ्याने दाबायची. 'धरलं' म्हणायचं. आणि आई 'सोड' म्हणेपर्यंत काही झालं तरी सोडायची नाही. मध्येच सोडलं तर टेप सटकन मागे येते, कधी कडी डोळ्यालाही लागते. म्हणून या कामात दोघांनी एकमेकांचं बघायचं असतं. एकाने टोक धरलेलं असताना दुसऱ्याने डबी खाली ठेवायची नाही, आणि दुसऱ्याने सांगितल्याशिवाय पहिल्याने हात काढायचा नाही. मामांनी हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि इतक्या वर्षांत ते तिच्या हाडात मुरलं होतं.

पहिली खोली झाली. दुसरी झाली. मुंगी प्रत्येक वेळी ऐटीत 'धरलं' म्हणायची, आणि 'सोड' म्हटलं की टेपबरोबर पळत यायची. तिसरीही झाली. आता फक्त एक लांब माप राहिलं होतं, मागच्या भिंतीपासून पुढच्या उंबऱ्यापर्यंत, सगळ्या घराचं.

इथे तिचा पाय अडखळला. या मापासाठी मुंगीला मागच्या खोलीत एकटीला ठेवावं लागणार होतं. पण हे झालं की सुटका. घरी जायचं, पाय पसरायचे. मागच्या भिंतीला एक फट होती, तिच्यातून थोडा उजेड येत होता. त्या उजेडात तिने मुंगीला बसवलं आणि टेप सोडत सोडत उलट्या पावली निघाली.

"मुंगे, आहेस ना?"

"आहे."

मधली खोली आली. फटीतला उजेड आता काडीएवढा दिसत होता.

"मुंगे?"

"आहे गं."

उंबऱ्यावर येऊन तिने टेप चौकटीला टेकवली. आकड्यावर धूळ बसलेली. फोनची बॅटरी दातात धरून ती वाकली, अंगठ्याने पुसू लागली. डोळ्यांवर अशी झापड होती की तीन आणि आठ सारखेच दिसत होते.

"धरलंस?" तिने बॅटरी दातातून काढून विचारलं.

"धरलं."

टेप ताणली गेली. मामा ताणायचे तशी, तारेसारखी. तिने आकडा वाचला, पुन्हा वाचला, कागदावर लिहिला.

आणि तिच्या पिशवीचा बंद कोणीतरी मागून ओढला.

"आई, बिस्कीट दे ना."

मुंगी तिच्या पाठीमागे पायरीवर उभी होती.

मोजणीबाईला क्षणभर काहीच समजलं नाही. "तू… तू कधी आलीस?"

"तू वाकली होतीस ना, तेव्हा. तुझ्या हाताखालून."

"मग टोक कोणी धरलंय?"

"त्या आजीने. ती म्हणाली, बाळ, तुझा हात दुखेल. दे इकडे."

टेप अजून ताणलेलीच होती.

पहिल्यांदा तिला वाटलं, असेल कोणी म्हातारी, गल्लीत मागे राहिलेली, आसऱ्याला शिरलेली. दमलेलं माणूस असंच सोपं काहीतरी शोधतं. तिने आवाजात जमेल तेवढी आपुलकी आणली. "कोण आहे आत?… झालं हो माप. सोडा आता."

टेप सैल पडली नाही.

तिने बॅटरी आत मारली. पिवळी पट्टी सरळ मधल्या दारापर्यंत जात होती आणि पुढे काळोखात शिरत होती. नळ टपकायचा थांबला होता. तेवढ्यात दूर, शेवटच्या खोलीच्या दारापाशी, पट्टी जराशी खाली दबली आणि पुन्हा वर आली. मग थोडी अलीकडे दबली. पुन्हा वर आली. मग आणखी अलीकडे.

कठड्याला धरून कोणी चालावं, तसं. एक हात… मग दुसरा हात…

पावलांचा आवाज नव्हता. कापडी पट्टीवरून कोरडा तळवा सरकल्यासारखी नुसती घासघास ऐकू येत होती.

डबी टाकून पळायचं, बस्स, एवढंच करायचं होतं. पण डबीभोवतीची तिची मूठ उघडेना. समोरच्याने धरलेलं असताना आपण सोडायचं नाही, हे इतकं मुरलेलं की हात तिचं ऐकत नव्हता. ती उंबऱ्यावर टेप ताणून धरून उभी राहिली आणि जे येत होतं त्याला वाट दाखवत राहिली. मधल्या दारापाशी पट्टी दबली. तेलाचा वास एकदम दाट झाला.

"आई," मुंगी कुजबुजली, "तिला दिसत नाही. हात दे ना तिला."

तेव्हा कुठे तिची मूठ उघडली. डबी दगडासारखी खाली पडली. तिने पोरीला काखेत उचललं आणि मागे वळून न बघता पायरी उतरली.

इस्त्रीवाल्याने स्टूल पुढे सरकवलं, पाण्याचा तांब्या दिला. मग स्वतःच जाऊन दार ओढून कुलूप लावून आला.

"म्हणून म्हणत होतो, पोरीला इथं ठेवा," तो म्हणाला.

"कोण आहे ती?"

"होती. म्हातारी. डोळे गेले होते तिचे. मुलगा-सून कामावर जायची, म्हणून मुलाने घरभर दोरी बांधून दिलेली, पलंगापासून दारापर्यंत. दोरी धरून फिरायची बिचारी. गल्लीतल्या पोरांना हाका मारायची, हात धरून बाहेर न्या रे म्हणायची. पोरं न्यायची, काही पळून जायची." त्याने एक सदरा उलटा केला. "घर रिकामं करायच्या दिवशी आधी सामान नेलं. म्हणाले, दुसऱ्या खेपेला आईला नेऊ. सामान बांधायला दोरी कमी पडली, तेव्हा ती भिंतीवरची सोडून घेतली. म्हातारीला सांगायचं राहिलं."

"मग?"

"मग ते परत आले तेव्हा ती पायरीखाली पडलेली होती." सदऱ्याला एकही सुरकुती उरली नव्हती, तरी तो त्याच्यावरून इस्त्री फिरवत राहिला.

मोजणीबाईने इस्त्रीच्या टेबलावरच उरलेला कागद भरला. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं. साहेबांचा फोन आला, "झालं?" ती म्हणाली, "झालं."

"बघा, खिळ्यावर भागलं की नाही."

बसमध्ये जागा मिळाली. तिने मुंगीला खिडकीशी बसवलं, तर ती आईला चिकटून अलीकडे सरकली. खिडकीकडे वीतभर जागा रिकामी राहिली. घाबरली असेल, मोजणीबाईला वाटलं. पोरगी अंगाशी आहे, गरम आहे, श्वास घेते आहे. तिने देवाचे आभार मानले आणि डोळे मिटले. टेप गेली तर गेली. मशीन उद्या त्या घरासकट तिलाही गाडून टाकेल.

उतरल्यावर तिने मुंगीचा उजवा हात आपल्या हातात घट्ट धरला. आज पोरगी 'दुखतंय' म्हणाली नाही. उड्या मारल्या नाहीत, पळाली नाही. म्हाताऱ्या माणसाबरोबर चालावं तशी पाऊल पाऊल चालत राहिली. दिवेलागण झाली होती. पिठाची गिरणी, औषधांचं दुकान, नेहमीचा रस्ता. मोजणीबाईचे पाय शिशाचे झाले होते, पण मन हळूहळू ताळ्यावर येत होतं.

घराच्या दारापाशी तिने कुलपाला किल्ली लावली. दार उघडताना आतल्या अंधारात दिव्याचं बटण चाचपलं. दिवा लागला आणि मागे तिची नजर गेली.

मुंगी दाराबाहेर थांबली होती. तिचा डावा हात अंगापासून थोडा लांब, खांद्याच्या वर उचललेला होता. बोटं कशाभोवती तरी मिटलेली होती, आणि पांढरी पडली होती.

मान वर करून त्या रिकाम्या बाजूकडे बघत ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "हळू हं, आजी… इथं पायरी आहे."