खालच्या दोरावरचे बोंबील

"वरच्या ओळीला वास नाही! मधलीलाही नाही!" मासळी वाळवायच्या वलांडीखाली उकिडवा बसून कमळचा मित्र दादू एकेक बोंबील हुंगत होता. बांबूंना आडव्या बांधलेल्या दोरांवर जबड्यात जबडा अडकवलेल्या बोंबलांच्या जोड्या वाळत होत्या. "पण खालची ओळ... शी! वाट लागली!"

कमळचा जीव टांगणीला लागला. तिचा थोरला भाऊ अनंता दोन वर्षांपासून कुवेतला होता. मे महिन्यात आईने धाडलेल्या सुक्या बोंबलांवर त्याचं पत्र आलं होतं, 'तेलाचा वास मारतो. खाववेनात. आता पाठवू नका.' दादाला घरचं काहीच नको झालं, असंच कमळच्या मनाने घेतलं. ती खूप रडली होती. येत्या रविवारी रामनाथमामा कुवेतला परत निघणार होता, आणि तिला दादाकडे बोंबील धाडायचेच होते!

आईने, सखुबाईने, शेजारच्या द्रौपदीकाकूंच्या रॉकेलच्या स्टोव्हवर खापर फोडलं होतं. तेव्हापासून दोघींचा अबोला होता.

"स्टोव्हचा धूर काय फक्त खालच्याच ओळीत शिरतो?" त्यांची मैत्रीण शुभा म्हणाली. "बोंबील सोड रे, दोर हुंग!"

"आयला! दोरच की गं!"

हातभर दोर कापून तिघं अंधेरीला पळाली. पेट्रोल-डिझेलचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत शुभाचे शिवदासकाका कामाला होते. त्यांनी दोरातलं तेल काढून काचेच्या चंबूत तापवलं. मुलांचे डोळे तापमापकावर खिळले.

"रॉकेल असतं तर तीनशेच्या आत उडून संपलं असतं," काका म्हणाले. "हे बेटं साडेतीनशेपर्यंत पुरलं. डिझेल!"

"द्रौपदीकाकू सुटल्या!" दादू ओरडला.

कमळला मात्र दुसरंच सुचलं. डिझेल म्हणजे होडी. आणि होडी म्हणजे बा!

घरी बा, महादू नाखवा, जाळं विणत बसला होता. दादूने डोळा मारला आणि मोठ्याने म्हणाला, "नाखवा, खालचा दोर कुजलाय. फेकून देतो हं!"

"हात तर लाव!" बा ताडकन उठला. "अनंताच्या होडीचा दोर हाय तो!"

मग सगळं बाहेर आलं. अनंता कुवेतला गेल्यावर त्याची होडी विकताना बाने तेवढा दोर ठेवून घेतला होता. होडीत असताना इंजिनापाशी डिझेलचा डबा त्याच्यावर सतत पाझरायचा.

"पोराचे बोंबील त्याच्याच दोरावर सुकावे, म्हणून बांधला गो," बा म्हणाला. "वाटलं, उन्हात वास जाईल."

मग सखुबाई उठली आणि थेट द्रौपदीकाकूंच्या दारात गेली. "चुकलं माझं, बाय. पोरांनी डोळे उघडले!"

"पोरं हुशार हो तुमची!" काकूंनी तिघांच्या हातावर लाडू ठेवले.

रविवारी नव्या दोरावरचे बोंबील निघाले. कमळने वेगळ्या डब्यात वीतभर जुना दोर घातला आणि चिठ्ठीत सगळी हकीकत लिहिली.

महिन्याने पत्र आलं. 'बोंबील संपले, अजून पाठवा. दोर उशाशी ठेवलाय. वास अजून तसाच आहे.'

बाने ती शेवटची ओळ कमळकडून तीनदा वाचून घेतली.